तीन टक्क्यांची गल्ली

मराठवाडा सपाट आहे असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा नांदेडहून लातूरला सायकलवर जाऊन दाखवावं. चारचाकीची काच वर करून बसलेल्या माणसाला सगळं जग सपाटच दिसतं. नांदेड गोदावरीच्या काठाला, लातूर वर पठारावर, म्हणजे जाताना सगळा चढच. लोहा ओलांडलं की बालाघाटाच्या टेकड्या लागतात आणि मग सपाटीच्या गप्पा मारणाऱ्याची बोलती बंद होते.

चढ-उतार मोजणं हे माझ्या पोटापाण्याचं काम आहे. मी पाणीपुरवठ्याची इंजिनिअर. टाकी कुठल्या टेकाडावर बांधायची, पाणी कुठल्या गल्लीला चढेल आणि कुठल्या गल्लीला नाही, हेच बघण्यात नोकरी गेली. नव्या गावात शिरले की माझा डोळा आधी ढाळ बघतो, मग माणसं. सायकल मात्र उशिरा आली, चाळिशी उलटल्यावर. गुडघे दुखतात म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे गेले, तर ते म्हणाले, सायकल घ्या. ते स्वतःच नांदेडच्या सायकल ग्रुपचे म्होरके. पहिल्या रविवारी त्यांच्याबरोबर मुदखेडला जाऊन आले आणि दोन दिवस जिना चढता आला नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा सायकल काढली. माझ्या नाकावर राग असतो असं घरचे म्हणतात. असतोच. माझी सायकल त्याच्यावरच चालते.

गेल्या वर्षी ग्रुपमधले आम्ही सहा जण ग्रीसच्या एका बेटावर सायकल चालवायला गेलो. ऑफिसात हे कळलं तेव्हा आमचे साहेब म्हणाले, "मॅडम, आपल्याकडं काय रस्ते संपले का?" मी म्हटलं, "सुरूच कुठं झालेत." डॉक्टरांनीही विमानतळावर हळूच विचारून घेतलं, "बेट डोंगराळ आहे मॅडम. झेपेल ना?" हा प्रश्न सहाजणांत मला एकटीलाच विचारला गेला.

बेट कसलं, समुद्रातून वर आलेला डोंगरच तो. बंदरापासून रस्ता जो वळणं घेत चढायला लागतो, तो माथ्यावरच्या खिंडीत जाऊन थांबतो आणि पलीकडे पुन्हा समुद्रापर्यंत घसरतो. बेटाला आडवं जायचं म्हणजे दर वेळी डोंगर ओलांडायचा. दगडी बांधांनी पायऱ्या पायऱ्यांची केलेली शेतं, त्यांत ऑलिव्हची बुटकी झाडं, रस्त्यात गळ्यात घंटा बांधलेल्या शेळ्या. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटे आणि वळणावर सायकल धरून ठेवणं मुश्कील होई. पाच दिवसांचे पाच मार्ग होते. रोज सकाळी आम्हाला तिथल्या सायकलवाल्यांकडून त्या दिवसाच्या मार्गाचा एक कागद मिळायचा. चढ कुठं सुरू होतो, किती लांब, किती टक्के, कुठल्या वळणावर खडी पसरलेली असते, झरा कुठं, सावली कुठं, वारा कुठं तोंडावर येतो, सगळं त्यात लिहिलेलं. मला तो कागद फार आवडला. कुणीतरी आपल्या बेटाचा एकेक चढ हातानं चाचपला होता आणि परक्या माणसासाठी लिहून ठेवला होता. मनात आलं, आपल्या टेकड्यांचं असं कुणी केलं नाही. घरी गेल्यावर आपणच करू.

पहिले तीन दिवस मी कुठंच कमी पडले नाही. तिसऱ्या दिवशी बारा टक्क्यांचा चढ होता. म्हणजे शंभर पावलं पुढं गेलं की बारा पावलं वर. डॉक्टर मध्येच थांबून फोटो काढायला लागले. दम लागला की माणसाला निसर्ग सुंदर दिसतो. मी त्यांच्या शेजारून गेले आणि जाताना विचारलंसुद्धा, "झेपतंय ना डॉक्टर?"

चौथ्या दिवशी डोंगराच्या कुशीतलं एक पांढरं गाव लागलं. रस्ता गावाच्या मधूनच जात होता. दोन्हीकडे चुन्यानं रंगवलेली घरं, मध्ये एक मोठं झाड, झाडाखाली कॉफीचं दुकान आणि दुकानापुढं खुर्च्या टाकून बसलेले सात-आठ म्हातारे. मी सगळ्यांच्या पुढं होते. गावाचं पहिलं घर आलं आणि मी उतरले.

कुणी थांबवलं नाही. सायकलही बिघडली नव्हती. मी उतरले, गॉगल काढून खिशात ठेवला आणि हँडल धरून, नजर रस्त्याकडे लावून त्या म्हाताऱ्यांच्या समोरून चालत निघाले. सायकलच्या बुटांखाली लोखंडी पट्टी असते, ती दगडी फरशीवर खडखड वाजत होती. एक म्हातारा लगबगीनं उठला. त्याला वाटलं सायकल मोडली. त्यानं मला खुर्ची दिली, सायकल उलटी केली, चाक फिरवून बघितलं, चेन तपासली, दोन्ही ब्रेक दाबले. हात काळे करून घेतले बिचाऱ्यानं. काही सापडेना तेव्हा त्यानं माझ्याकडे बघून नुसते खांदे उडवले.

तेवढ्यात डॉक्टर आले. "काय झालं? उतरलात कामून मॅडम?"

"चढ होता," मी म्हणाले.

डॉक्टर हसायला लागले. "चढ? काल बारा टक्क्यांवर मला मागं टाकलं की तुम्ही." त्यांनी माझ्या हँडलवरच्या मीटरकडे बोट केलं. गेल्या दोनशे मीटरचा चढ त्यावर दिसत होता. तीन टक्के. तीन टक्क्यांवर आमच्याकडची शाळकरी पोर कॅरिअरवर धाकट्या भावाला बसवून गाणं म्हणत जाते.

मी त्या खुर्चीवर बसून राहिले. "चढ होता" हे शब्द माझे नव्हतेच. ते माझ्या वडिलांचे होते.

आबा गुरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक होते. तिथले डॉक्टर लोह्याला बसायचे आणि आबा सायकलवर गावोगाव फिरायचे. कुणाच्या बैलाचा खांदा जुवानं सुजून आलेला असे, कुणाच्या गाईचा पाय मुरगळलेला. आमचं गाव लोह्यापासून आत, टेकडीच्या उतारावर. आमची वस्ती खालच्या अंगाला, मग वेस, मग पाटलांच्या घरांची मोठी गल्ली, गल्लीत लिंबाखाली दगडी पार, आणि गल्ली संपली की वरच्या गावांकडे जाणारा रस्ता. सुट्टीच्या दिवशी आबा मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे. वेस आली की म्हणायचे, "उतर माय, चढ हाय." आम्ही दोघं उतरायचो. आबा हँडल धरून, खाली बघत चालायचे, मी त्यांच्या मागं. पारावर माणसं बसलेली असायची. गल्ली संपली की आबा पुन्हा टांग टाकायचे.

परत येतानाही आम्ही तिथं उतरायचो. तेव्हा ते म्हणायचे, "ब्रेक धरत न्हाई."

वर जाताना चढ आणि खाली येताना ब्रेक. मी पाणी चढवणारी इंजिनिअर, शेकडो गावांचा ढाळ काढलेली बाई, आणि पन्नाशी ओलांडेपर्यंत माझ्या मनात आलं नाही की उताराला कोण उतरतं? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आमच्या आजोबांनी बुद्धाचा धम्म घेतला तेव्हा घरातले देव टोपल्यात भरून नदीत सोडले होते, हे आबा छाती काढून सांगायचे. देव सुटले, गल्ली सुटली नाही. आणि ज्या मुलीला हे कधी कुणी सांगितलंच नाही, तिचे पाय सातासमुद्रापलीकडे, जिथं तिची जात विचारायला कुणाला शब्दही नाही, तिथं चार म्हातारे बसलेले दिसले की आपोआप खाली आले. सुंभ जळतो, पीळ जळत नाही.

मला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला. डॉक्टरांना वाटलं ऊन लागलं.

पाचव्या दिवशी मार्ग दुसरीकडे जाणारा होता. मी म्हटलं, तुम्ही जा, मला कालच्या गावात काम आहे. एकटी गेले. पहिलं घर आलं, मी उतरले नाही. कॉफीच्या दुकानासमोरून ताठ बसून गेले, गावाबाहेर वळले आणि उताराला ब्रेकला हात न लावता परत आले. मग पुन्हा वर. असं सहा वेळा केलं. तिसऱ्या वेळी म्हाताऱ्यांनी मोजायला सुरुवात केली आणि पाचव्या वेळी टाळ्या वाजवल्या. माझी चेन तपासणारा कालचा म्हातारा उभा राहून मोठ्यानं काहीतरी ओरडत होता. त्यांना काय कळलं असेल कुणास ठाऊक. वेडी बाई, एवढंच कळलं असेल. पण सहाव्या फेरीनंतरही माझं मन भरलं नाही, कारण गल्ली ती नव्हती.

घरी आल्यावर मी एक रविवार सोडून लोह्यामार्गे आमच्या गावाच्या वेशीपर्यंत गेले. गल्लीत शिरले नाही. वेशीपाशी ऑफिसातली लेव्हल, म्हणजे ढाळ मोजायची दुर्बीण लावली, मोजपट्टी धरायला चुलतभावाला वरच्या टोकाला उभं केलं आणि गल्लीचा ढाळ काढला. तीन टक्के. जरा कमीच.

आबा आता माझ्याजवळ नांदेडला असतात. ऐंशीला आलेत, अजून सायकलवर भाजी आणतात. मी आकडा त्यांच्यासमोर ठेवला. "आबा, गल्लीत चढ नव्हता."

ते वर्तमानपत्र वाचत होते. पान उलटून म्हणाले, "मग? मला काय म्हाईत न्हवतं?"

"मग मला खोटं का सांगितलं?"

"काय सांगायचं व्हतं? पारावर पाटील बसलाय, त्याच्या म्होरं आपल्यातल्यानं सायकलवर बसायचं न्हाई, असं? दांडीवरच्या लेकराला?" त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "मी एक दिस बसून गेलो असतो. मला दवाखान्याचा पगार व्हता. पर वस्तीतल्या बाया उद्याच्याला कुणाच्या रानात खुरपायला गेल्या असत्या? तुझी माय त्यायच्याच रानात व्हती."

"पण मला तरी…"

"तुला खरं सांगितलं असतं, तर तू पण मान खाली घातली असती. चढ म्हणलं की लेकरू चढाला भिडतंय. भिडलीस ना?"

हे ऐकून मी गप्प बसायला हवं होतं. चांगली लेक बसली असती. मी नाही बसले. "मान नाही घातली आबा, पण पाय उतरले. परक्या मुलखात उतरले. तुम्ही मला चढ दिला खरा, पण उतरायची सवयही दिलीत."

त्यांचा चेहरा बदलला. "आता तू गल्लीतून बसून जाशील. भारीची सायकल, डोक्यावर टोप. कुणी काय बोलणार न्हाई. मग समदे म्हणतील, एवढं सोपं व्हतं, तर ह्यो बाबा तीस वर्षं येडा व्हता का?" आवाज चढला होता त्यांचा. "तू जाऊ नको तिकडून. माझं उतरणं सवंग करू नको."

मला ते पटलं. मला ते पटलं आणि तरीही मी जाणार होते. दोन्ही खरं आहे.

त्या हिवाळ्यात मी आमच्या टेकड्यांचा कागद तयार केला. नांदेड ते लातूर, मोठा रस्ता टाळून आतल्या वाटेनं. प्रत्येक चढाची लांबी, टक्के, खडी कुठं, हापसा कुठं, कुत्री कुठं मागं लागतात, उसाच्या गाड्या कुठं आडव्या येतात. त्या बेटवाल्यांनी मान डोलवावी असा कागद. ग्रुपनं तो उचलून धरला, फक्त एका ठिकाणी डॉक्टरांनी बोट ठेवलं. "ह्या गावात मॅडम, बाहेरून नवा डांबरी रस्ता आहे. गल्लीत गुरं, ट्रॅक्टर. आत कशाला शिरायचं?"

आम्ही एका रविवारी लोह्यात चहाच्या टपरीवर थांबलो होतो, चौदा जण. मी सगळं सांगितलं. दांडी, वेस, पार, चढ, ब्रेक. टपरीवाल्यानंसुद्धा स्टोव्ह बारीक केला. मग आमच्यातला एक जण, चांगला माणूस आहे, घसा खाकरून म्हणाला, "वाईटच होतं ते. पण आता कुठं राहिलंय मॅडम तसं?"

"राहिलं नाही ना?" मी म्हणाले. "मग चला गल्लीतून."

मार्ग बदलला नाही, गल्लीतूनच राहिला.

आबांना मी आदल्या आठवड्यात सांगितलं की रविवारी गल्लीतून जाणार आहे. शनिवारी सकाळी कपड्यांची पिशवी घेऊन एसटीनं गावाला निघून गेले. मला वाटलं रागावून गेले. म्हटलं, रागावू देत. त्यांचा राग माझ्यात आलाय, मला त्याची ओळख आहे.

रविवारी सकाळी आम्ही टेकडी चढून वेशीपाशी पोचलो, तर आबा तिथं उभे. धुतलेला पांढरा सदरा, पायजमा, पायात बूट. हातात चुलतभावाची सायकल, साधी, काळी, उंच.

"मी म्होरं," ते म्हणाले. "तू मागं."

"आबा, दम लागेल."

"चढ कितीय?"

"तीन टक्के."

"मग?" म्हणाले, आणि टांग टाकली.

गल्ली आता सिमेंटची झालीय. पाटलांची दोन घरं बंद, एका घराच्या ओसरीत खतांची पोती. पारावर मात्र माणसं होती. मधोमध आबांच्याच वयाचे पाटील, हातात चहाचा कप. आबांच्या तरण्यापणी पारावर बसणाऱ्यांत हेही होते, हे मला नंतर कळलं. आबा बसून चालले होते. पाठ सरळ, गुडघे बाहेर, वेग एवढा कमी की सायकल पडत कशी नाही याचंच नवल. मी मागं, माझ्या मागं तेरा जण, कुणाच्याही गिअरचा आवाज नाही. मला उभ्या आयुष्यात कुठल्या चढावर इतकी धाकधूक झाली नव्हती.

पाराच्या बरोबर समोर त्यांचा दम संपला. मी त्यांच्या पाठीवरून ओळखलं. सदरा भात्यासारखा वरखाली होत होता, पायडल अर्ध्यात अडकलं, सायकल कलंडली. आता उतरणार, मला वाटलं. आयुष्यभर चढाचं नाव पुढं केलं आणि आज तो चढ खरंच आला, तोही इथं, ह्यांच्या समोर. मी ब्रेक दाबला. मला ते बघायचं नव्हतं.

आबा उतरले नाहीत. त्यांनी डावा पाय लांबवला आणि पाराच्या दगडावर टेकवला, जिथं पाटील बसले होते त्यांच्यापासून हातभर अंतरावर. बूट दगडावर, बूड सीटवर, दोन्ही हात हँडलला. आणि तसेच थांबले.

कुणी हललं नाही. पाटलांनी कप खाली ठेवला. त्या बुटाकडे बघितलं, मग आबांकडे. मग म्हणाले, "उतरा की. वय झालं आता. खाली बसून दम घ्या." आवाज वाईट नव्हता. काळजीचाच होता.

"न्हाई," आबा म्हणाले. त्यांना बोलायला श्वास पुरत नव्हता, म्हणून एकेक शब्द सुटा आला. "हितंच. बसूनच. घेतो."

मागून एक ट्रॅक्टर आला. उसाची ट्रॉली भरलेली. त्यानं दोनदा हॉर्न वाजवला. आमच्यातलं कुणी बाजूला झालं नाही. डॉक्टरांनी तर सायकल आडवीच लावली. ट्रॅक्टरवाला उभा राहून पुढं काय अडलंय ते बघायला लागला. त्याला एक म्हातारा सायकलवर बसून श्वास घेताना दिसला असेल, एवढंच. त्यानं इंजिन बंद केलं.

मग गल्लीत फक्त आबांचा श्वास ऐकू येत राहिला. तो हळूहळू खाली आला. त्यांना घाई नव्हती. चांगला पुरता दम घेतला त्यांनी, पोटभर. मी सायकल भिंतीला टेकवली, पुढं झाले आणि त्यांच्या सीटला मागून आधार द्यायला हात लावला, कारण तीन टक्क्यांवरसुद्धा थांबलेली सायकल ऐंशीच्या पायांनी पुन्हा सुटणं अवघडच असतं.

"हात काढ," आबा म्हणाले.

मी हात काढला. त्यांनी पाराला पायानं रेटा दिला आणि निघाले.